चारशे सतरा नंबरची कवळी

१

डबीत कवळी होती, पण ती कालची कवळी नव्हती.

लॅबच्या मालकिणीने झाकण परत लावलं, डोळे मिटले, उघडले आणि झाकण पुन्हा काढलं. काही फरक पडला नाही. काल संध्याकाळी सहा वाजता तिने स्वतःच्या हाताने या डबीत पाणी भरलं होतं आणि त्यात वरच्या जबड्याची नवी कोरी कवळी बुडवून ठेवली होती. नवी कवळी कोरडी पडली की आकार बदलते, म्हणून पाणी. आता त्याच पाण्यात भलतीच एक म्हातारी कवळी पडली होती. दात झिजलेले, डावीकडच्या शेवटच्या दाढेवर तपकिरी डाग, आणि मधोमध एक चीर, कुणीतरी घरच्या घरी चिकटवलेली. डबीवरची चिठ्ठी मात्र जागच्या जागी होती. चारशे सतरा.

शहरातल्या दवाखान्यातून लॅबकडे दातांची मापं यायची ती अशी, नुसत्या नंबरावर. पेशंट कोण, कुठला, काही कळायचं नाही. त्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी अट घातली होती, की आधी दहा कामं करून दाखवा, सगळी वेळेवर आली तर पुढचं सगळं काम तुमचं. नऊ बिनबोभाट पार पडली होती. ही दहावी. पेशंटला आज दुपारी साडेतीनची वेळ दिलेली होती, शहराकडे जाणारी बस बारा वाजता सुटायची, आणि घड्याळात सव्वानऊ झाले होते. नवी कवळी करायला तीन दिवस लागतात. काम हातचं गेलं तर लॅबला टाळं, आणि सहा माणसं घरी.

चार वर्षांपूर्वी ती शहरातलं बिऱ्हाड आणि यंत्रं उचलून या आडगावात आली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. डॉक्टरांना पटवायला तिने इथले फायदे दोन पानं भरून लिहून पाठवले होते. जागा ऐसपैस, पाणी स्वच्छ, हवेत धूळ नाही, शिकवलेला माणूस टिकून राहतो, आणि पार्सल कंडक्टर स्वतः उतरून दवाखान्याच्या दारात देतो. शहरात तिला तेच पार्सल दोन पेठा पलीकडे पोचवायला अर्धा दिवस लागायचा. एक फायदा तिने लिहिला नव्हता, कारण शहरातल्या माणसाला तो पटला नसता. लॅबची किल्ली जिन्याखालच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि ते गावभर ठाऊक होतं. जो आधी येईल तो उघडेल, ज्याला काही हवं तो येऊन जाईल. आज तोच फायदा अंगाशी आला होता.

तिने आत्याला हाक मारली. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. एसटीच्या मोठ्या आगारात ‘सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत’ एकतीस वर्षं नोकरी करून आता भाचीकडे राहायला आलेली. एकतीस वर्षं लोकांच्या छत्र्या, चष्मे आणि काठ्या ज्याच्या त्याला परत करण्यात गेली होती.

आत्याने वाकून डबीत बघितलं.

“चोरी झालीय आत्या,” मालकीण म्हणाली.

“ती झालीच आहे. पण चोरी करून जाताना स्वतःचे दात ठेवून जाणारा चोर मी पहिल्यांदाच बघतेय.”

२

पहिला नंबर साचेवाल्या काकांचा लागला. मापावरून प्लास्टरचे साचे ओतणं हे त्यांचं काम. आठ वाजता खिळ्यावरची किल्ली काढून लॅब त्यांनीच उघडली होती. शिवाय मागच्याच आठवड्यात मालकिणीने त्यांचे दोन साचे बुडबुडे निघाले म्हणून नापास केले होते आणि काका फुगून बसले होते.

काकांना नुसतं विचारलं मात्र, त्यांनी आपली कवळी तोंडातून काढून टेबलावर ठेवली.

“ही बघा. तुम्हीच केलेली. माझ्याकडे माझी आहे, मी दुसऱ्याची कशाला नेऊ?” हे त्यांनी बिनदातांनी सांगितलं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

“तुम्ही रागावला होतात ना काका?”

काकांनी कवळी परत तोंडात बसवली. “रागावलो होतो. राग आला की माणूस दोन दिवस बोलत नाही. मी बोललो नाही. संपलं. आठला आलो, मागे जाऊन पाणी लावलं, प्लास्टर कालवलं. नळ चालू असला की मागे काही ऐकू येत नाही.”

काका जाऊन बसले. मालकिणीला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. मग वाटलं, खोटं बोलणारा माणूसही असाच दिसत असेल.

पॉलिशवाली सव्वाआठला आली होती; बाकीची माणसं दहानंतर यायची. वय तीस-बत्तीस, हात असा की खडबडीत कवळी तिच्या यंत्राखालून निघाली की काचेसारखी चमकायची. ती यंत्रावर बसते भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं, आणि यंत्राची घरघर कानात.

“मला काहीच दिसलं नाही,” ती म्हणाली. म्हणता म्हणता तिने आपली पिशवी पायाने टेबलाखाली सरकवली.

मालकिणीने ते पाहिलं. पाहायला नको होतं असं तिला वाटलं, पण आता पाहिलं होतं.

“पिशवीत काय आहे ग?”

पॉलिशवाली लाल झाली. थोड्या वेळाने तिने वाकून एक पाकीट काढलं आणि मालकिणीच्या हातात दिलं. शहरातल्या एका लॅबचं पत्र होतं. दुप्पट पगार, लगेच रुजू व्हा.

“हे कधी आलं?”

“महिना झाला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दाखवलं नाही. उत्तर पाठवलेलं नाही मी.” तिने खिडकीकडे बोट केलं. “तिकडे जायला दोन तास, यायला दोन तास. इथून मला माझ्या लेकीची शाळा सुटलेली दिसते.”

मालकिणीने पत्र घडी करून परत दिलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेत कवळीचं काय झालं हे अजिबात कळलं नाही.

३

कंडक्टरला बोलवावं लागलं नाही, तो आधीच आला होता. त्याची बस सकाळी आठला गावात यायची आणि बारापर्यंत उभी राहायची. तेवढ्या वेळात तो गावाचा निम्मा कारभार बघायचा.

“मी साडेआठला आलो,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “म्हटलं आज दहावं पार्सल, आपणच आधी चौकशी करावी. टेबलाशी अध्यक्ष उभे होते. मी म्हटलं, काय अध्यक्ष, आज स्वारी खाली कशी? त्यांनी नुसती मान हलवली आणि जिना चढून गेले. मग मी बघितलं, डबीच्या आजूबाजूला पाणी सांडलेलं. चिठ्ठी भिजेल म्हणून माझ्या रुमालाने टेबल लख्ख पुसून घेतलं. डबीही पुसली. झाकण नीट लागलं नव्हतं, ते दाबून लावलं.”

“म्हणजे ठसे, खुणा, सगळं पुसलंस,” आत्या म्हणाली.

“मदत केली हो,” कंडक्टर म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

मालकिणीचं डोकं भणभणायला लागलं होतं. शहरात चोरी झाली असती तर कुणीच काही पाहिलं नाही म्हणून ती अडली असती. इथे प्रत्येक जण आत येऊन गेला होता, प्रत्येक जण ते कबूल करत होता, वर मदतही करून गेला होता. आणि कवळी तरीही नव्हती.

“राहिले अध्यक्ष,” आत्या म्हणाली.

अध्यक्ष म्हणजे घरमालक. वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. चौऱ्याहत्तर वय, ओठ झाकून टाकणारी पांढरी झुपकेदार मिशी. तीन संस्थांचे अध्यक्ष होऊन निवृत्त झाले, तरी गाव त्यांना अजून अध्यक्षच म्हणायचं. बोलताना त्यांच्या प्रत्येक ‘स’ला हलकी शीळ लागायची आणि लोक ती वक्तृत्वात धरायचे. चांगलं काम म्हणजे शहराचं काम, हा त्यांचा ठाम सिद्धांत. कपडे शहरात शिवणार, घड्याळ शहरात दुरुस्त करणार, केससुद्धा शहरात कापणार. दुपारी चारला चहा घ्यायला खाली यायचे आणि टोस्ट चहात इतका वेळ बुडवायचे, की त्याचा अर्धा लगदा कपातच राहायचा. मग सगळ्यांना सांगायचे, “माझे सगळे दात माझे आहेत. तुमच्या लॅबचं माझ्यावाचून अडेल, मला तिची गरज पडायची नाही.”

लॅबचा भाडेकरार या महिन्याअखेर संपत होता. ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी एक लांबलचक पाटी रंगवून त्यांनी जिन्याखाली उभी करून ठेवली होती. मालकीण रोज तिच्या शेजारून आत यायची.

४

अध्यक्ष आरामखुर्चीत बसले होते. अंगात बाहेरगावी जायचे कपडे, पायाशी छोटी बॅग. हातात कोरडा टोस्ट होता आणि तो कुरकुर वाजत होता.

“बारा वाजताच्या गाडीने शहरात चाललोय,” ते म्हणाले. “संस्थेचं काम आहे. सकाळी खाली आलो होतो तो तुमच्या यंत्राच्या आवाजाबद्दल सांगायला. तुम्ही दिसला नाहीत. परत आलो.”

“टेबलावर डबी होती?”

“असेल. सगळ्या डब्यांकडे बघायला मी काय तुमचा नोकर आहे?” त्यांनी उरलेला टोस्ट तोंडात टाकला. “शहरात अशी चोरी झाली नसती. तिथे शिस्त असते. सुरक्षा असते. सगळं सांगितलं होतं मी तुम्हाला.”

मालकीण जिना उतरून आली. वर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते नेमकं हाताला लागत नव्हतं. अध्यक्ष नेहमीसारखेच टाकून बोलले होते. तरी त्यांचं बोलणं ऐकताना एखादं वाद्य वाजायचं राहून गेल्यासारखं वाटलं होतं.

खाली आत्या साच्यांच्या फळीपुढे उभी होती. लॅबमध्ये प्रत्येक कामाचा साचा वर्षभर सांभाळून ठेवायची पद्धत होती, म्हणजे कवळी मोडली तर परत माप नको. फळीवर वरच्या जबड्याचे अकरा साचे ओळीने मांडलेले होते.

“कवळी आपल्या जबड्यावर बसते, दुसऱ्याच्या बसत नाही. बरोबर?” आत्याने विचारलं.

“कुलपाला किल्ली बसते तशी.”

“मग किल्ली आपल्याकडे आहे की. कुलपं बघू.”

आत्याने डबीतली जुनी कवळी रुमालाने टिपली आणि पहिल्या साच्यावर ठेवली. डुगडुगली. दुसरा साचा साचेवाल्या काकांच्या स्वतःच्या जबड्याचा होता. काका श्वास रोखून बघत होते, त्यावरही ती बसली नाही, तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. तिसरा, चौथा, आठवा. दहाव्यापर्यंत एकावरही नाही. अकराव्या साच्यावर आत्याने कवळी ठेवली आणि हात काढला. जराशी ढिली, जुन्या कवळीखाली हिरडी झिजली की होते तेवढी. पण बसली.

मालकिणीने साच्याच्या कडेवरचा नंबर वाचला. तो चारशे सतरा होता.

५

“हे कसं शक्य आहे?” मालकीण खाली बसली. “ही चारशे सतराचीच जुनी कवळी? पण चारशे सतरा शहरात आहे. साडेतीनला दवाखान्यात येणार आहे.”

“फोन कर दवाखान्यात.”

फोनवर तिथली बाई होती. नाव सांगायला तिने साफ नकार दिला. “नियम आहे. आणि हे बघा, आज उशीर करू नका. पेशंट बाहेरगावाहून बसने येतात. त्यांना उगाच दुसरी खेप पडायला नको.”

मालकिणीने फोन ठेवला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. “बाहेरगावचा आहे म्हणे. बसने येतो. म्हणजे काय झालं? तो शहरात जायच्या आधी इथे आला? आमचा पत्ता त्याला कुणी दिला? दवाखाना तर लॅब कुठे आहे हे पेशंटला सांगतच नाही. मला काही म्हणजे काही कळत नाहीये आत्या.”

आत्या तिच्या शेजारी बसली. “माझ्या खोलीत लोक यायचे आणि विचारायचे, वस्तू कोणी नेली? मी विचारायचे, वस्तू कोणती राहिली? आपण सकाळपासून नवी कवळी शोधतोय. जुनी आपल्याला सगळं सांगतेय. चारशे सतरा आज सकाळी आठ ते सव्वानऊच्या मधे या टेबलाशी उभा होता. लॅब शोधत आला नाही. इथे वावरतोच तो. डबीवर स्वतःचा नंबर दिसला. दवाखान्याच्या कार्डावर तोच नंबर असतो ना? नुसतं बसवून बघावं म्हणून त्याने जुनी काढली, नवी लावली. तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. हातातली जुनी कुठे ठेवणार? डबीत टाकली आणि झाकण अर्धवट लावून निघाला. तोंड उघडलं असतं तर नवे दात दिसले असते. म्हणून एक शब्द न बोलता निघाला.”

“पण इथे कवळीवाले काकाच तेवढे...” मालकीण बोलता बोलता थांबली. कंडक्टरने सकाळी सांगितलं होतं, नुसती मान हलवली आणि जिना चढून गेले. ज्या माणसाला रस्त्यातल्या मांजरालाही दोन वाक्यं सुनावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तो माणूस.

मग तिला तो कोरडा टोस्ट आठवला. आणि वर बोलताना काय वाजायचं राहिलं होतं तेही आठवलं. शहर, शिस्त, सुरक्षा, सगळं. एकाही ‘स’ला शीळ नव्हती.

“पण ते म्हणतात, माझे सगळे दात माझे आहेत,” ती पुटपुटली.

“मिशी आहे ना मोठी,” आत्या म्हणाली आणि डबी उचलली.

६

आत्याने वर जाऊन दार लोटून घेतलं. खोलीत तिघंच. अध्यक्षांनी बॅग मांडीवर घेतली होती आणि ते घड्याळाकडे बघत होते. मालकिणीला वाटलं होतं आता आत्या दरडावून विचारेल. आत्याने डबी टेबलावर ठेवली, उघडली नाही.

“माझ्या खोलीत एक नियम होता,” ती म्हणाली. “वस्तू न्यायला आलेल्या माणसाला ती कशी हरवली ते विचारायचं नाही. त्याला लाज वाटेल असं काही विचारायचं नाही. फक्त खूण विचारायची. खूण पटली की वस्तू द्यायची. ही खाली सापडली. तुमची असेल तर खूण सांगा.”

अध्यक्षांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली. खालून यंत्राची घरघर येत होती आणि आज ते त्याबद्दल काही बोलले नाहीत.

“डावीकडच्या शेवटच्या दाढेवर डाग आहे,” ते अखेर म्हणाले. “मधे चीर आहे. मीच चिकटवली, दोन महिन्यांपूर्वी. तेव्हापासून बोलताना शीळ वाढली.”

आत्याने डबी त्यांच्यापुढे सरकवली.

मालकिणीला राग यायला हवा होता. सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता, तिने दोन भल्या माणसांवर संशय घेतला होता. पण तो म्हातारा माणूस डबीकडे असा बघत होता, की तिच्या तोंडून दुसरंच निघालं. “इथेच का नाही केलीत? एक जिना उतरायचा होता.”

“दुपारपर्यंत गावभर झालं असतं. अध्यक्षांना दात नाहीत.” त्यांनी मिशीवर हात ठेवला. “आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे चांगलं होईल असं वाटलंच नाही. शहरात चार खेपा मारल्या. डॉक्टर म्हणाले, आमच्या इथल्या सर्वांत मोठ्या लॅबमध्ये करून घेतोय. आज सकाळी डबीवर माझा नंबर बघितला आणि माझी मतीच गुंग झाली. मला अजूनही नीट समजलेलं नाही. मी चार वेळा शहरात गेलो आणि माझे दात माझ्या पायाखाली तयार होत होते?”

“मग बसवून बघितलीत.”

“हो.”

“कशी वाटली?”

अध्यक्षांनी मान खाली घातली. “परत ठेवायलाच खाली येणार होतो. दोनदा जिन्यापर्यंत आलो. पण काढवेना हो. सात वर्षांनी कोरडा टोस्ट खाल्ला मी.”

मालकिणीला रडू आलं. तिने ते लपवलंही नाही. मग डोळे पुसून हात पुढे केला, कारण साडेअकरा झाले होते. “द्या. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती तुमची नाही. डबीतूनच गेली पाहिजे.”

अध्यक्षांनी भिंतीकडे तोंड करून कवळी काढली.

पॉलिशवालीने कुणाची, कुठे सापडली, एकही प्रश्न न विचारता ती धुऊन चमकवून दिली. बाराला दोन मिनिटं कमी असताना बंद डबी बसमध्ये चढली. कंडक्टरने ती पहिल्या बाकावर ठेवली, आणि शेजारी कोण बसलंय ते बघून म्हणाला, “जरा लक्ष ठेवा अध्यक्ष, आमचं महत्त्वाचं पार्सल आहे.”

जुनी कवळी तोंडात घट्ट धरून अध्यक्षांनी मान हलवली.

७

पाच वाजता दवाखान्यातून फोन आला. “काम पास,” ती बाई म्हणाली. “पुढच्या महिन्यापासून सगळं तुमच्याकडेच येईल. डॉक्टर उद्या बोलतील. आत्ता ते जरा डोकं धरून बसलेत. इथे एक प्रकार झाला.” कसला प्रकार ते सांगायच्या आत फोन कट झाला.

आनंद करावा की काळजी, ते लॅबमध्ये कुणालाच कळेना. काकांनी चहा टाकला. तो गार झाला, मग दुसरा टाकला. पॉलिशवालीने लेकीला खिडकीतूनच हाक मारून आत बोलावून घेतलं.

सातच्या बसने अध्यक्ष परतले. आधी जिन्याखाली काहीतरी धडपडल्याचा आवाज आला, मग ते दारात दिसले. काखेत ती लांबलचक पाटी होती.

“बसली?” मालकिणीने विचारलं.

“बसायची राहते की काय?” त्यांनी पाटी भिंतीला टेकवली. “डॉक्टर म्हणाले, बघा, शहरातल्या सर्वांत मोठ्या लॅबचं काम आहे, असं बाहेर कुठे होत नाही. बाहेर बाकांवर चौदा माणसं बसली होती. दार उघडं होतं.”

“मग?”

“मग मी बाहेर त्या चौदा जणांपुढे येऊन उभा राहिलो. मिशी वर केली. म्हटलं, हे दात बघून घ्या. माझे स्वतःचे सात वर्षांपूर्वीच गेले, हे नवे आहेत. आणि डॉक्टर चुकीचं सांगताहेत. हे माझ्या जिन्याखाली तयार झालेत, मी त्या लॅबचा घरमालक आहे.”

साचेवाले काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले होते. मग त्यांनी न सांगता कपात चहा ओतला आणि बशीत टोस्ट ठेवले.

“ही पाटी चांगल्या लाकडाची आहे,” अध्यक्ष म्हणाले. “तुमची ती साच्यांची फळी भरत आलीय. पाटी उलटी करून ठोकून घ्या, अजून पंचवीस साचे मावतील.” त्यांनी एक टोस्ट उचलला आणि चहाकडे न नेता तसाच मोडला. “आणि माझा साचा पुढे ठेवा. दारातून दिसेल असा.”